कारभारी हेडी आणि मुंडकं नसलेला कॉम्प्युटर

काष्टीच्या बैलबाजारात कारभारीनानाला ओळखत न्हाई असा माणूस एकतर परजिल्ह्यातला असतो, न्हाईतर मुका. नाना हेडी हाय. हेडी म्हणजे जनावरांचा दलाल, घेणाऱ्याचा आन विकणाऱ्याचा हात एकमेकांत घालून देणारा. सत्तरी कवाच ओलांडली, गुडघे गेलेत, बसताना 'आई गं' आन उठताना 'बाई गं' म्हणतो. पण बैलाच्या तोंडात अंगठा घातला की जनावर दोन दाती हाय, चार दातांचं चौसा हाय का सगळे दात येऊन जुळलेलं, ते डोळ्याला दिसायच्या आधी बोटाला कळतं. मंग शेपटीच्या बुडाला हात घालणार, खुरावर टिचकी मारणार, पाठीवरचा भोवरा बघणार, आन गिऱ्हाइकाचा हात उपरण्याखाली धरून बोटं दाबणार. आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत न्हाईत. उपरण्याखाली किती बोटं दाबली ते दोघांनाच ठाऊक. बाकीचे नुसते तोंडाकडं बघत उभे.

नानाचा हिशेब एकच. जनावर उद्या किती ओढंल, तेवढी त्याची किंमत. एकदा एक म्हातारा आपला बैल घिऊन आला आन सांगायला लागला, लेकरावानी वाढवला, हे केलं, ते केलं. नाना म्हणाला, "त्ये तुमचं झालं पावनं. आता दात दाखवा." असा कोरडा माणूस. लोक त्याला दगड म्हणायचे, पण भाव करायला त्याच्याकडंच यायचे, कारण नानानं सांगितलेला आकडा चुकला असं मी तरी ऐकलं न्हाई. निदान कर्जतचं परकरण व्हायच्या आधी तरी न्हाई.

ते मी डोळ्यानं बघितलं, कारण टेम्पो माझा हुता.

नानाची धाकटी बहीण लंकाबाई कर्जतला दिलेली. तिचा मालक अमृत, नानाचा दाजी, डोक्यानं लई हुशार आन हातानं तेवढाच उधळ्या. ज्या काळात आमच्याकडं ग्रामपंचायतीत फोन वाजला तरी माणसं जमायची, त्या काळात ह्या बाबानं कर्जतला गाळा भाड्यानं घिऊन कॉम्प्युटरचा क्लास काढला. कॉम्प्युटरला धूळ चालत न्हाई म्हणून दारात चपला काढायला लावायचा. देवळात चपला घालून घुसणारी पोरं तिथं पाय धुऊन जायची. काही वर्सं क्लास असा चालला की बॅचला जागा मिळंना. मंग घराघरांत कॉम्प्युटर आले, मंग हातात मोबाईल आले, आन क्लासात कुत्रंबी फिरकंना. पण अमृतनं एक वस्तू टाकली न्हाई. बिघडलेला, फुटलेला, बंद पडलेला, सगळा माल भिंतीला लावून रचून ठिवला. गेल्या साली तो वारला आन तो सगळा ढीग लंकाबाईच्या पदरात पडला.

गाळ्याचा मालक अजिनाथशेठ. त्यानं सांगितलं, बाई, एकतर गाळ्यात काहीतरी धंदा टाक आन भाडं दे, न्हाईतर होळीपर्यंत मोकळा कर, मोबाईलवाला माझ्या मागं लागलाय. लंकाबाईचं मनात ठरलेलं हुतं. तिला मिरची कांडपाचं मशीन टाकायचं हुतं. श्रीगोंद्यात एक जुनं मशीन विकायला निघालेलं, मालक बेचाळीस हजाराच्या खाली एक रुपया उतरंना. होळीच्या तोंडाला मशीन बसलं तर मिरचीचा सगळा हंगाम पुढं उभा. न्हाई बसलं तर गाळा गेला, आन मंग चिंचवडला लेकीकडं जायचं. लेक दिशा बोलवतच हुती, आई, माझा पोरगा सांभाळ, आरामात राहा. लंकाबाई म्हणायची, "सहाव्या मजल्यावरनं मानसं मुंगीएवढी दिसत्यात. मी तिथं भांडू कुनाशी?"

तिनं आधी भंगारवाल्याला बोलावलं. त्यानं कॉम्प्युटरचा एक पडदा लाथेनं हलवून बघितला आन किलोचा दर सांगितला. लंकाबाईनं लगेच भावाला फोन लावला.

नाना फोनवर पेटला. "किलोनं खाटीक घेतो! जित्या मालाला किलोचा दर सांगतोय व्हय त्यो? त्याला म्हनाव, कारभारी हेडी येतोय. कशाला हात लावू दिऊ नगंस."

झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोत माझ्या शेजारी नाना, खांद्यावर उपरणं, आन कर्जत.

गाळ्याचं शटर वर केलं तर आत उभं राहायला जागा न्हाई. मागं ढोल असलेले पडदे, लोखंडी डबडी, एके काळी करकर करणारे प्रिंटर, वायरींचे गुंते. सगळ्याचा मूळ रंग पांढरा असावा, पण आता तंबाखू खाणाऱ्याच्या दातावानी पिवळा पडलेला. एका कपाटात पुठ्ठ्याचे खोके, वरनं पातळ प्लॅस्टिकचा कागद गच्च चिकटवलेला, तसेच न उघडलेले.

"ह्ये काय?" नानानं विचारलं.

"साफ्टवेर," लंकाबाई म्हणाली. "समदी दुनिया फुकटात उतरवून घ्यायची. ह्यो गडी पुन्याला जाऊन पैशे मोजून आनायचा. आन मंग उघडायचाबी न्हाई. म्हनायचा, बिलाचा माल हाय, राहू दे."

"येडा हुता दाजी."

"व्हता. तू आता भाव सांग."

नाना ढिगाभोवती एक चक्कर मारून आला. मंग दुसरी मारली. एका कीबोर्डापाशी वाकला आन त्याची बटणं अंगठ्यानं एकेक करून दाबायला लागला. माझ्या ध्यानात आलं, दात बघतोय.

लंकाबाईलाबी कळलं. "आरं दादा, तू शेपटीखाली हात घालून भाव सांगनारा मानूस. ह्याला शेपूट कुठंय?"

"वायर हाय की," नाना म्हणाला, पण त्याचं तोंड उतरलं हुतं. "हे चालतंय का?"

"न्हाई."

"त्ये?"

"त्येबी न्हाई. एकबी चालत न्हाई."

नाना खाली बसला. जे चालत न्हाई ते उद्या ओढणार न्हाई, आन ओढणार न्हाई त्याला भाव न्हाई. हिशेब सरळ हुता. पण मंग भंगारवाला खरा ठरत हुता, आन ते नानाला गिळंना. तिथंच पायाशी एक चपटी पेटी पडली हुती, नुसता कीबोर्डच म्हणा, जाडजूड, कडेला फुटलेला. ना पडदा, ना डबा. तिच्यावर लंकाबाईनं पाण्याचा माठ ठिवला हुता. नानानं तिच्याकडं बघून न बघितल्यासारखं केलं. "ह्ये तर मुंडकं नसलेलंच हाय. ह्येला सोड."

तेवढ्यात लंकाबाईनं दिशाला फोन लावला. पोरगी शिकलेली. ती म्हणाली, मामा, असल्या जुन्या कॉम्प्युटरचे शौकीन असतात, मी फोटो टाकते इंटरनेटवर. लंकाबाईनं मोबाईलवर फोटो काढून धाडले. आन दोन-तीन दिवसांत खरंच एक गिऱ्हाईक उभं राहिलं. आदिनाथ नावाचा कोणी पुण्याचा. म्हणाला, रविवारी येतो. आन एक निरोप दिला, आहे तसं राहू द्या, कशाला हात लावू नका, पुसूसुद्धा नका.

निरोप ऐकून नाना इतका हसला की त्याला ठसका लागला.

"प्रत्येक गिऱ्हाईक ह्येच म्हनतं गं लंके. जनावर मळकं राह्यलं की पाडून मागाय येतं. मी काय काल बाजारात उतरलोय?"

शनिवारी आमी परत कर्जतला. नानानं संगं आपलं सगळं सामान आणलेलं. बैल बाजारात उभा करायच्या आधी आमच्याकडं त्याला नवरदेवावानी सजवत्यात. अंग धुतलं जातं, शिंगं काचेच्या तुकड्यानं तासून गुळगुळीत करत्यात, रंग देत्यात, तेलाचा हात फिरवत्यात. तेच नानानं चालू केलं. मला कामाला लावलं. लंकाबाईनं पदर खोचला. कीबोर्ड टपात टाकून कपड्याच्या पावडरीनं धुतले आन गाळ्याच्या पत्र्यावर उन्हात वाळत घातले. डब्यांवर जुन्या चिठ्ठ्या, कंपनीचे शिक्के, कसले कसले आकडे चिकटवलेले. ते नानानं काचेनं खरवडून काढले. "डाग हायेत. डाग दिसला की खोड दिसती."

मंग फाटकाचा उरलेला पांढरा ऑइलपेंट काढला आन प्रत्येक पिवळ्या डब्याला फासला. दोन हात. शेवटी खोके. लंकाबाई म्हणाली, ते तरी राहू दे दादा. नाना म्हणाला, "तोंड न उघडता बैल विकला तर मला बाजारात चोर म्हनतील." सगळ्या खोक्यांवरचा पातळ कागद टराटरा फाडला. आतल्या चौकोनी चकत्या, फ्लॉपी म्हणत्यात त्या, काढून ओल्या फडक्यानं पुसल्या, वरनं खोबरेल तेलाचं बोट फिरवलं आन हारीनं मांडल्या.

रंग संपला. माठाखालचं ते मुंडकं नसलेलं तेवढं राहिलं. लंकाबाईनं विचारलं तर नाना म्हणाला, "मेलेल्या जनावराला रंग दिऊन काय करायचा?" आन त्याच्यावर परत माठ ठिवला.

संध्याकाळी गाळा असा दिसायला लागला की जणू काल दुकान उघडलंय. नानानं एका पडद्याला काळा दोरासुद्धा बांधला, नजर लागू नये म्हणून. जाताना म्हणाला, "आता बघ लंके. गिऱ्हाईक दारातच थबकतंय का न्हाई."

ते खरं झालं. रविवारी आदिनाथ आला, चाळिशीचा, चष्मेवाला, मूळचा कोपरगावकडचा, घरचा ऊस भावावर सोडून पुण्यात कंपनीत लागलेला. दारात आला आन थबकला. एक हात शटरच्या कडेला धरला. मला वाटलं गडी खाली पडतोय.

"हे... हे काय केलं?"

नाना मिशीत हसला. "या, या पावनं. रंग ओला न्हाई, हात लावा बिनधास."

आदिनाथनं एका डब्याला हात लावला, मंग दुसऱ्याला. खरवडलेल्या जागेवरनं बोट फिरवलं. "इथं नंबर होता. फोटोत दिसत होता."

"काढला. डाग हुता."

"आणि ही खोकी? सील होती ना? फोटोत सील होती!"

"उघडून दिली की तुमाला. आत माल हाय, बघून घ्या. फसवनूक न्हाई आपल्यात."

आदिनाथनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. तेलकट चकती दोन बोटांत धरून खाली ठिवली. "नाना, हे न उघडलेलं असतं तर ह्या एका खोक्याचे मी दहा हजार दिले असते. आता ह्याला काही नाही."

नानाला वाटलं तो पाडून मागतोय. "का बरं? माल तोच हाय की."

"माल तोच आहे, पण उघडला ना."

"मंग आत काय हाय ते बघायचं कसं?"

"बघायचं नसतं."

"आत माती असली तर?"

आदिनाथ म्हणाला, "उघडलंच नाही तर माती असली तरी चालते."

नानानं माझ्याकडं बघितलं. मी लंकाबाईकडं बघितलं. लंकाबाई आदिनाथच्या तोंडाकडं बघत हुती, तिला त्यात बेचाळीस हजार बुडताना दिसत हुते.

"बरं," नाना म्हणाला, आता आवाज जरा खाली आलेला. "मला एवढं सांगा. हे नवं हुतं तवा लाखाचं हुतं?"

"जवळपास."

"मंग जुनं झालं, भाव उतरला."

"उतरला. पंधरा-वीस वर्षांपूर्वी फुकट कोणी नेत नव्हतं."

"आन आता आनखी जुनं झालं, तर परत चढला?"

"चढला."

"आसं कसं चढंल? बैल म्हातारा झाला, दात पडले, आन मंग वर्सानं तरना झाला का?"

"तरणा नाही होत नाना. पण बाकीचे सगळे मेले. लोकांनी फेकून दिले, भंगारात घातले. जे राहिले त्यांना भाव."

"म्हंजे बाजारातले बाकीचे बैल मेले म्हनून माज्या लंगड्याला भाव?"

"हां. तसंच."

"दुष्काळात तर बैल मरत्यात तवा राह्यलेले फुकट देत्यात लोक! छावनीत सोडून देत्यात!" नानाचा आवाज परत चढला. "उलटंच हाय तुमचं समदं. चालत न्हाई ते चालतं, मळकं ते चांगलं, उघडलं की खोटं. आन तुमी मला येडा समजता व्हय?"

आदिनाथ उत्तर देणार हुता, पण त्याची नजर कोपऱ्यात गेली. माठावर. तो तसाच उठला, माठापाशी गेला, खाली गुडघ्यावर बसला. "काकू," तो लंकाबाईला म्हणाला, "हा माठ जरा काढता का?"

लंकाबाईनं माठ उचलला. आदिनाथनं ती पेटी दोन्ही हातांनी उचलली, उलटी केली, खालची चिठ्ठी वाचली. ओली हुती, पण शाबूत. त्याचा चेहरा असा झाला, जणू जत्रेत हरवलेलं पोरगं सापडलं. "हेच. फोटोच्या कोपऱ्यात दिसलं होतं मला. ह्यासाठीच आलो मी. कीबोर्डातच सगळा कॉम्प्युटर, घरच्या टीव्हीला जोडायचा. असे आपल्याकडं फार थोडे राहिलेत."

नाना ताडकन उठला. गुडघे विसरला. माझ्या कानाशी येऊन कुजबुजला, "ह्यो भामटा हाय. ज्याला माल पायजे त्यो त्याच्याकडं बघत न्हाई. ह्यो कुत्र्यावानी मेलेल्याच्या मागं लागलाय. म्हंजे ह्याला चांगल्यातलं पायजे, आन बोट दाखवतोय दुसरीकडं."

"नाना, त्याला खरंच तेच पायजे आसंल."

"तू टेम्पो चालव."

मंग नानानं आपली शेवटची चाल काढली. आदिनाथच्या समोर बसला, खांद्यावरचं उपरणं काढलं, त्याचा उजवा हात धरला आन दोन्ही हातांवर उपरणं टाकलं. आदिनाथला वाटलं हा काहीतरी रिवाज असंल, त्यानं नानाचा हात चांगला गदागदा हलवला.

"आवो हलवताय काय? बोटं दाबा!"

"का?"

"भाव सांगा की!"

"पण मी तोंडानं सांगतो ना. ह्या एकाचे पंचवीस हजार देतो."

नानानं असं तोंड केलं, जणू भर चौकात कुणी त्याचं धोतर सोडलंय. शेजारच्या किराणा दुकानातली पंकजा दारात येऊन उभी राहिली हुती, तिनंबी आकडा ऐकला. नानानं उपरण्याखाली आपली बोटं दाबायला सुरवात केली, तसा आदिनाथ हसायलाच लागला. "नाना, गुदगुल्या होतात."

चाळीस वर्सं नानानं ह्या उपरण्याखाली माणसं वाचली. कुणाचा हात गार पडला, कुणाचा घामेजला, कुणाची बोटं आखडली, त्यावरनं किती ताणायचं ते ठरवलं. आता त्या हातात नुसत्या गुदगुल्या. नानानं हात सोडला.

"एक विकत न्हाई," तो म्हणाला. "जोडी फोडायची न्हाई आपल्यात. घ्यायचं तर समदं घ्या, न्हाईतर रामराम."

"नाना, बाकीच्याला रंग दिलाय हो! मी काय करू त्याचं? बरं, ह्या एकाचे अठ्ठावीस देतो. शेवटचे."

"व्यवहार मोडला." नानानं उपरणं झटकलं आन खांद्यावर टाकलं. बाजारात असं उपरणं झटकलं की मंग देव आला तरी सौदा होत न्हाई. आदिनाथला ते ठाऊक नव्हतं, पण तोंडावरनं कळलं. त्यानं ती पेटी जपून खाली ठिवली, एकदा तिच्याकडं बघितलं आन गाडीकडं निघाला.

लंकाबाई एवढा वेळ गप हुती. भाव करायला भाऊ बसला की बाईमाणसानं मध्ये बोलायचं न्हाई, असं आमच्याकडं आजपण चालतं. तिनं माठ खाली ठिवला आन रस्त्यावर गेली.

"ओ पावनं. थांबा."

आदिनाथ वळला.

"मला मिरची कांडपाचं मशीन घ्यायचंय. बेचाळीस हजाराला हाय. तेवढे द्या आन आतलं समदं न्या. एक खिळा ठिवू नका."

नाना आतनं ओरडला, "लंके! गिऱ्हाइकाला नड सांगतेस व्हय! नडलेल्याचा बैल अर्ध्यात जातो!"

"माजा बैल न्हाई त्यो. आन मला त्याचा भाव कुठं म्हाईत हाय? मला मशीनचा म्हाईत हाय, म्या तोच सांगितला."

आदिनाथ डोकं खाजवत उभा राहिला. शटरमधनं आत बघितलं. रंगवलेली डबडी मोजल्यासारखं केलं. "रंग काढता येतो का बघावं लागंल," तो स्वतःशीच म्हणाला, आन बोलता बोलता कोपरगाव त्याच्या तोंडात परत आलं. "आतली मशिनरी कुणाला सुट्या भागाला लागंल. चाळीस करा काकू."

"आन वरचे दोन मी कुठनं आनू? त्यो मशीनवाला सोडंना म्हनून तर तुमाला सांगितलं."

पंकजा दारातनं म्हणाली, "द्या की दादा, बाई खरं बोलती."

आदिनाथ हसला. मोबाईल काढला. लंकाबाईच्या मोबाईलात पैसे आले तेव्हा तिनं आकडा पंकजाकडनं दोनदा वाचून घेतला.

माल भरायला माझाच टेम्पो ठरला. आमी डबडी उचलत हुतो तर आदिनाथ त्या चपट्या पेटीची वायर शोधायला लागला, खास तिचीच, जाड ठोकळा असलेली. कुठं मिळंना. शेवटी दिसली, नानाच्या कमरेला. नानानं गुंडाळी करून खोचली हुती.

"नाना, ती वायर ह्याचीच आहे. तिच्याशिवाय हे चालू करता येणार नाही."

"दावं धनी ठिवतो," नाना म्हणाला. "जनावर जातं, दावं जात न्हाई. दावं दिलं तर गोठा रिकामा पडतो."

लंकाबाई भावापाशी आली आन हात पुढं केला.

"दे ते. माजा गोठा रिकामाच करायचाय."

नानानं वायर दिली. दिली म्हणजे, तिनं ओढली आन त्यानं सोडली.

परतीच्या वाटेत श्रीगोंदा आलं तसा नाना एकदम म्हणाला, "त्यानं दुसऱ्या झटक्यात बेचाळीस मान्य केले. म्हंजे पन्नास दिले असते."

"दिले असते नाना."

"आन ती रंगवलेली टाकाऊ हायेत म्हनला. म्हंजे त्या एका फुटक्याचेच बेचाळीस दिले. म्हंजे ठकला."

"ठकला म्हणा."

"मंग त्यो ठकला का आपन ठकलो?"

मी गेर टाकला.

त्यानंतर नानानं आदिनाथला किती फोन केले त्याला हिशेब न्हाई. आधी त्यानं विचारलं, कितीला विकलं? आदिनाथ म्हणाला, विकलं नाही. मंग विचारलं, चालू झालं का? तो म्हणाला, अजून नाही, एक भाग मिळत नाही. मंग विचारलं, आता कुठंय? तर म्हणाला, घरात फळीवर ठेवलंय, रोज बघतो. नानानं फोन ठिवला आन मला पार घरी बोलावून सांगितलं. "विकत न्हाई, वापरत न्हाई. बघतो म्हनं! दुभती म्हैस असती तर समजलो असतो."

बाजारात त्याचा हात अजून पहिल्यासारखा चालतो. पण परवा एक शेतकरी दात पडलेला बैल घिऊन आला, खिलार, लई म्हातारा. नानानं तोंडात अंगठा घातला, काढला, आन आकडा सांगायच्या आधी उगंच बराच वेळ उभा राहिला. शेतकरी म्हणाला, "काय वो नाना, काय खोड दिसली का?" नाना म्हणाला, "न्हाई. ह्याच्या जातीचे आनखी किती राह्यलेत तुमच्या गावात?" शेतकऱ्याला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

लंकाबाईचं मशीन होळीच्या आधी बसलं. मिरचीचा हंगाम असा लागला की गाळ्याबाहेर पिशव्यांची रांग. दिशा पोराला घिऊन चार दिवस राहिली, शिंकून शिंकून हैराण झाली, आन आईला न्यायला आलेली ती मिरचीपूड घिऊन एकटीच चिंचवडला गेली. मी आन नाना बघायला गेलो तवा मशीन धडाधडा मुसळं आपटत हुतं आन लंकाबाई वरनं लाल मिरच्या सोडत हुती, केसापासनं पायापर्यंत लाल झालेली.

नाना तिच्यापाशी जाऊन ओरडून म्हणाला, "लंके, त्यानं पन्नास दिले असते का गं?"

"दिले असते."

"मंग मागितले का न्हाईस?"

"मशीन बेचाळीसला हुतं. पन्नासाला न्हवतं." तिनं आणखी एक घमेलं ओतलं. "आन तू भाईर बस. तुजा खोकला ऐकून गिऱ्हाईक माघारी जातंय."

नाना बाहेर पायरीवर बसला. तेवढ्यात एक बाई डोक्यावर मिरचीचं गाठोडं घिऊन आली. म्हातारा माणूस दारात बसलाय म्हणजे दुकानाचा धनी असणार, असं तिला वाटलं असावं.

"बाबा, काय घेता हो कांडायला?"

नानानं तोंड उघडलं. गाठोड्याकडं बघितलं, बाईच्या हाताकडं बघितलं, मंग आत मशीनकडं बघितलं. ओठ हलले. बाई वाट बघत उभी राहिली.

"लंके," तो शेवटी ओरडला, "हिला भाव सांग!"